कळीचा चुना आणि एक घागर पाणी

एकदा एक हौद गळू लागला, आणि तो गळेल असे ज्याने सर्वांआधी सांगितले होते, नेमके त्याच्याच डोक्यावर त्याचे खापर फुटले.

ही गोष्ट त्या माणसाच्या रागाची आहे. राग हा शब्द उच्चारला की आपल्याकडचे उपदेशक लगेच सरसावून बसतात. राग वाईट, राग शत्रू, राग आला की अंक मोजा, गार पाणी प्या. त्यांनी कृपा करून थोडा दम धरावा. या कथेतही गार पाणी आहे. ते कुठे ओतायचे आणि किती, एवढाच काय तो प्रश्न आहे.

घाटाच्या पायथ्याशी, नदीला लागून, एक पेठेचे गाव होते. तिथे एक वृद्ध गवंडी राहत असे. गाव त्याला आबा म्हणे. त्याने बांधलेल्या भिंतींना कधी तडा गेला नाही, आणि त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. या दोन्ही गोष्टींचा गावाला सारखाच अभिमान होता. आबाच्या हाताखाली एक शिष्य होता. गावाबाहेरच्या चुन्याच्या भट्टीचे सारे काम तो पाही. कामात चोख, पण स्वभावाने तापट. वाळूत माती मिसळलेली दिसली तरी तो गाडीवानाशी भांडे आणि गाडी परत पाठवी. लोक त्याला हसत आणि आबाकडे बोट दाखवून म्हणत, जरा गुरूकडून काही शीक.

चुन्याचे काम धीराचे असते. चुनखडी भट्टीत भाजली की तिचे रूप फारसे पालटत नाही. पांढरट दगड आत जातो, पांढरट दगडच बाहेर येतो. फक्त तो वजनाला हलका झालेला असतो. त्याला कळीचा चुना म्हणतात. हाताला तो गार लागतो, पण भट्टीची आग त्याच्या पोटात तशीच असते. पाणी लागले की तो उकळतो, फुटतो, वाफा सोडतो. म्हणून त्याला खड्ड्यात टाकून, भरपूर पाणी घालून, ढवळून विरवायचे आणि मग महिनोन्महिने पाण्याखाली मुरू द्यायचे. घाई केली आणि एखादा खडा न विरता गिलाव्यात गेला, तर तो भिंतीत बसून ओल पितो, हळूहळू फुगतो, आणि एक दिवस गिलावा फोडून बाहेर येतो.

गावातल्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने आपल्या मातेच्या स्मरणार्थ पेठेच्या वरच्या अंगाला हौद बांधायला घेतला. अक्षय्य तृतीयेला उदकदान करावे, अशी त्याची इच्छा होती. इच्छा चांगली होती, मुहूर्तही चांगला होता, पण चुना मुरलेला नव्हता. माघात विरवलेला चुना पावसाळा उलटल्याखेरीज हौदाला वापरायचा नाही, असे आबाने बजावले होते. मग त्याला नदीपलीकडे एका घाटाच्या कामावर जावे लागले. जाताना त्याने खड्डा शिष्याच्या स्वाधीन केला.

वैशाख लागण्याआधीच व्यापाऱ्याची माणसे फावडी घेऊन आली. शिष्याने नाही म्हटले, कच्च्या चुन्याने हौद गळेल असे बजावले. त्यांनी मुहूर्त सांगितला. शिष्य म्हणाला, मुहूर्त पंचांगात असतो, चुन्याला तो ठाऊक नसतो. मग व्यापारी स्वतः आला, गोड बोलला, मग कडू बोलला. शिष्य खड्ड्याच्या तोंडावर आडवा पडला. तेव्हा व्यापाऱ्याच्या इशाऱ्यावरून लिंबाजी मुकादमाने आणि त्याच्या गड्यांनी त्याला हातापायाला धरून उचलले आणि बाजूच्या वाळूत नेऊन टाकले. चुना गेला. गिलावा झाला. तृतीयेला ब्राह्मणभोजन झाले, हौदात पाणी खेळू लागले, आणि व्यापाऱ्याच्या नावाचा जयजयकार झाला.

शिष्य त्या दिवशी घरी बसून राहिला. दारे लावून घेतली आणि मनातल्या मनात साऱ्या गावाला शिव्या घातल्या.

पावसाळ्यात हौदाच्या आतल्या अंगाला फोड येऊ लागले. आधी मोहरीएवढे, मग सुपारीएवढे. पाणी गिलाव्यातून पाझरले, पायाखालच्या मातीत शिरले, आणि उताराने खाली कुंभारवाड्यात उतरले. पाऊस सरता सरता एके सकाळी सोनाई कुंभारणीची भिंत खालून भिजून बसली. सोनाई तिच्या आडोशाला मडकी थापत होती. तिचा जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून चिरडला. थापी धरायचा हात तो.

आता दोष कुणाचा, हे ठरवायला चावडीवर पंच बसले. आबाही त्याच आठवड्यात परतला होता. व्यापाऱ्याने डोळ्यांना उपरणे लावले आणि सांगितले, "मी दान दिलं. चुना कच्चा की पक्का हे मला वाण्याला काय कळणार? खड्डा ज्याच्या ताब्यात होता, त्यानं सांगायला नको? या पोरानं कच्चा चुना माझ्या गळ्यात मारला आणि माझ्या आईच्या नावाला बट्टा लावला."

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला, व्यापाऱ्याच्या अंगावर धावला, आणि त्याच्या तोंडून जे निघाले ते शब्द नव्हतेच, नुसता आरडाओरडा होता. लोकांनी त्याला धरून खाली बसवले. त्याने लिंबाजीकडे पाहिले. लिंबाजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. त्याने आबाकडे पाहिले. आबा काठीवर हनुवटी टेकून, डोळे मिटून बसला होता. सोनाई बांधलेला हात पोटाशी धरून पुढे आली, शिष्याच्या पायांजवळ थुंकली आणि म्हणाली, "माझा हात यानं खाल्ला."

पंचांनी सांगितले, परवा निवाडा पक्का करू. पण निवाडा काय होणार हे उघड होते: याच्या हातचा चुना गावात आणि पंचक्रोशीत कुणी घेऊ नये. चुनेवाल्याला याहून मोठी शिक्षा नाही. त्याला काम नाही, नाव नाही, आणि ज्या ज्या भिंतीला त्याचा हात लागला होता त्या प्रत्येक भिंतीकडे लोक संशयाने पाहणार.

सभा उठली आणि शांत करणारे जमले. रागावलेल्या माणसाला शांत करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. ज्यांना सभेत तोंड उघडण्याची गरज वाटली नव्हती, त्या सर्वांना आता बोलायची हौस आली. शेजारचे काका म्हणाले, "जाऊ दे रे, मोठ्या लोकांच्या नादी लागू नये." मावशी म्हणाली, "राग आवर बाळा, प्रकृती बिघडेल." देवळातले बुवा म्हणाले, "क्षमा करायला शीक, त्यात मोठेपण आहे." एकाने तर खरोखरच तांब्याभर गार पाणी आणून त्याच्या हातात दिले. प्रत्येकजण आपापला शिंतोडा मारून घरी जेवायला गेला. शिष्य तेवढा जागच्या जागी आणखी तापत राहिला. कुणी एकाने जरी म्हटले असते, की खरेच रे, फार वाईट झाले, मलाही चीड आली, तर कदाचित पुढचे घडले नसते. तसे कुणी म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शिष्य भट्टीवर होता. आश्विनातले ऊन रणरणत होते. भट्टीतून सकाळीच काढलेला कळीचा चुना खड्ड्याशेजारी ढीग घालून ठेवला होता. त्याच्याकडे पाहता पाहता शिष्याला एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी सोपी होती की त्याला हसू आले. हौदाच्या डागडुजीसाठी व्यापाऱ्याने परगावाहून कळीचा चुना आणवला होता. तो पोत्यांत भरून, कापसाच्या गाठींना लागून, त्याच्या वखारीत रचला होता. खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. दिवटी नको, तेल नको. एक घागर पाणी त्या खिडकीतून आत ओतले की बस. थोडे पाणी लागलेला चुना तापत तापत तरटाला पेटवील, तरट कापसाला पेटवील. आग कुणी लावली, असे विचारायलाही जागा राहणार नाही. पाणी टाकून कुणी आग लावते का?

त्याने रांजणातून घागर भरली, खांद्यावर घेतली आणि पेठेची वाट धरली.

पेठ दुपारची झोपली होती. वखारीचा राखणदार दाराच्या आत बाजेवर घोरत पडलेला होता. त्याचे पाय उंबऱ्यापर्यंत आले होते. शिष्याने ते पाय पाहिले आणि नजर फिरवली. तो खिडकीखाली उभा राहिला. घागर खांद्यावरून उतरवून त्याने दोन्ही हातांत धरली.

"एका घागरीनं काय होणार?" मागून आवाज आला.

आबा काठी टेकत उभा होता. शिष्य घागर घेऊन खड्ड्याकडे न वळता पेठेकडे वळला, हे त्याने भट्टीच्या छपराखालून पाहिले होते.

"आबा, बाजूला व्हा," शिष्य म्हणाला. "आज मला अडवू नका."

"मी कुठं अडवतोय? मी एवढंच म्हणतो, तुझा राग काय एका घागरीचा आहे? एवढासाच?"

"म्हणजे?"

"एका घागरीनं तुझं भागायचं नाही. वखार जळेल, तो राखणदार जळेल, व्यापारी रडेल, गाव त्याचे डोळे पुसेल. आणि तू कच्चा चुना देणारा होतासच, आता आग लावणाराही होशील. त्याच्या म्हणण्यावर तूच शिक्का मारतोयस. तुझा राग मोठा आहे. त्याला भरपूर पाणी लागेल. चल."

असे म्हणून म्हाताऱ्याने त्याच्या हातातल्या घागरीचा दुसरा काठ धरला. ओढली नाही, फक्त धरली. शिष्याने एकदा खिडकीकडे पाहिले, एकदा उंबऱ्यावरच्या पायांकडे. मग तो दातओठ खात परत फिरला. घागर दोघांच्या मध्ये हेलकावत होती आणि वाटभर पाणी सांडत होते.

भट्टीवर पोहोचताच आबाने खड्ड्याकडे बोट केले. "तो सगळा ढीग आत लोट."

"आबा, माझा उद्या निवाडा आहे. हा चुना आता कुणासाठी विरवायचा? माझ्या हातचा कुणी घेणार आहे का?"

"लोट म्हटलं ना."

शिष्याने फावडे उचलले आणि असे चालवले की जणू समोर चुना नसून व्यापाऱ्याची छाती आहे. ढीग खड्ड्यात गेला. मग आबा म्हणाला, पाणी आण. शिष्याने घागर ओतली. चुना चर्र बोलला. आबा म्हणाला, अजून. शिष्य विहिरीवर गेला, आला, पुन्हा गेला. घामाने न्हायला, पण थांबला नाही. खड्डा खवळला. दगड तडकू लागले, पांढऱ्या वाफेचे लोट उठले, फसफस आणि गडगड यांपलीकडे काही ऐकू येईना. आबाने त्याच्या हातात लांब बांबू दिला.

"ढवळ. आणि बोल."

"काय बोलू?"

"काल सभेत जे धड बोलता आलं नाही ते. इथं तुझा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही."

शिष्याने एक शिवी हासडली. मग दुसरी. आणि मग बांध फुटला. व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. पंचांचा झाला. मीठ खाल्ले म्हणून मिठाची गुळणी धरून बसलेल्या लिंबाजीचा झाला. शांत हो म्हणणाऱ्या काकांचा, मावशीचा, बुवांचा झाला. सोनाईचे नाव घेताना त्याचा आवाज फाटला. "तुझा हात मी नाही गं खाल्ला," तो खड्ड्यात ओरडला, "मी आडवा पडलो होतो गं!" तो ढवळत होता आणि रडत होता, आणि चुन्याची वाफ तोंडावर येत असल्याने कुठले पाणी कशाचे ते त्यालाही कळत नव्हते. आबा वाऱ्याच्या बाजूला बसून ऐकत होता. एकदाही त्याने शांत हो म्हटले नाही. मध्येच एवढेच म्हणाला, "पाणी कमी पडतंय. अजून आण."

ऊन कलायला लागले तशी खड्ड्याची गडगड मंदावली. वर साईसारखा मऊ थर जमू लागला.

"तळ ढवळून बघ," आबा म्हणाला. "खडा राहिलाय का?"

शिष्याने बांबू तळापर्यंत घातला. तो थांबला. मग बांबू तसाच सोडून वळला.

"राहिलाय, आबा. तुमच्या नावाचा."

आबाने मान वर केली.

"तुम्ही समोर बसला होतात," शिष्य म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि त्यामुळे ते ऐकायला जास्त कठीण होते. "तुम्हाला माहीत होतं. पावसाळा उलटू दे, हे शब्द तुमचे. तुम्ही एक वाक्य बोलला असता तर सभा ऐकती. तुम्ही डोळे मिटलेत. व्यापारी खोटारडा आहे, त्याचं मला नवल नाही. लिंबाजीला पोट आहे. तुम्हाला काय होतं? सगळ्यांत जास्त राग मला तुमचा आला आहे."

म्हाताऱ्याने भट्टीच्या कडेची एक सुटी वीट काढून आपल्या मांडीवर ठेवली.

"ही बघ," तो म्हणाला. "हीसुद्धा आगीतूनच आली. आत गेली तेव्हा ओली माती होती, बाहेर आली ती टणक होऊन. निवली, आणि आगीचा आणि तिचा संबंध संपला. हिच्यावर पाणी ओत, लाथ मार, ही काही बोलायची नाही. मी ही वीट आहे, पोरा. तरुणपणी मीही तापलो होतो, मग निवलो, आणि गाव मला शांत म्हणायला लागलं. काल मी गप्प बसलो ते शहाणपणानं नाही. माझ्यात उकळायला काही शिल्लकच नव्हतं. चूक माझी आहे. तुझा खडा बरोबर ठिकाणी लागलाय."

त्याने वीट बाजूला ठेवली.

"पण नुसत्या विटा एकावर एक रचल्या तर त्याची भिंत होत नाही. शेळी अंग घासायला आली तरी ती पडते. विटांना धरून ठेवतो तो चुना. आणि चुना होतो तो आग पोटात ठेवणाऱ्या दगडाचा. त्याला उघड्यावर टाकून दे, तो हवेतली ओल पीत बसतो, त्याची भुकटी होते, आणि ती कशालाच चिकटत नाही. वैशाखात तू दार लावून घरी बसलास, तेव्हा तेच झालं. त्याच्यावर शिंतोडा मार, तो वखारी जाळतो. कच्चाच भिंतीत घाल, तो भिंत फोडतो. काल चावडीवर तू तसा फुटलास. पण त्याला भरपूर पाण्यात बुडव, तळापर्यंत ढवळ, त्याचं सगळं बोलून होऊ दे, मग तोच मऊ होतो आणि दगडाला दगड धरून ठेवतो. तुझा राग खरा आहे. सोनाईचा हात खरा आहे. हा राग फेकून द्यायला मी सांगणार नाही. गावात विटा पुष्कळ आहेत."

शिष्याने विचारले, "पण चुन्याला मुरायला पावसाळा लागतो. माझा निवाडा उद्या आहे."

"चुन्याला लागतो. माणसाचं सगळं कुणी ऐकून घेतलं, तर त्याला कधीकधी एक दुपार पुरते. बांबू घाल. तळ बघ."

शिष्याने बांबू घातला. या वेळी तो न अडखळता फिरला.

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. पंचप्रमुखाने घसा खाकरून निवाडा वाचायला सुरुवात केली, तोच शिष्य उभा राहिला. लोक सावध झाले. दोघे-तिघे त्याला धरायच्या तयारीने पुढे सरकले.

"मला धरायची गरज नाही," तो म्हणाला. "आणि मला शांत हो असंही म्हणू नका. मी शांत नाही. मला सांगायचं आहे ते रागानंच सांगणार आहे, पण सांगणार आहे."

मग त्याने सांगितले. खड्डा कधी भरला, कधी उघडायचा होता, फावडी घेऊन कोण आले, व्यापारी काय बोलला, आणि तो स्वतः कुठे आडवा पडला. त्याचा आवाज जड होता, पण एकेक शब्द सुटा ऐकू येत होता. "माझीही एक चूक आहे," तो शेवटी म्हणाला. "मला वाळूत फेकल्यावर मी घरी जाऊन बसलो. मला पेठेत येऊन ओरडायला हवं होतं, की या हौदाखाली कुणी राहू नका. माझा अपमान झाला म्हणून मी रुसलो. त्या रुसण्याची किंमत सोनाईनं दिली. तेवढ्यापुरता मी तिचा गुन्हेगार आहे. पण चुना मी दिला नाही. तो माझ्याकडून ओढून नेला. आणि हे इथं बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे."

त्याने लिंबाजीकडे पाहिले. परवासारखे खाऊ की गिळू असे पाहिले नाही. नुसता पाहत राहिला, आणि नजर काढली नाही.

लिंबाजी उठला. "खरं आहे," तो म्हणाला. "मीच उचलला त्याला. पायाकडून." आणि मग तो मोठ्याने म्हणाला, "शेटजींनी सांगितलं म्हणून उचलला!" मागच्या रांगेत चुना वाहणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठली, मग दुसरी. आम्हीही होतो तिथं, त्या म्हणाल्या. ज्यांनी इतके महिने तोंडे शिवून घेतली होती, ते एकमेकांच्या आधाराने उभे राहू लागले.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. पण मुरलेला माणूस होता. त्याने शेवटचा आसरा धरला. हात जोडून तो आबाकडे वळला. "आबा, तुम्ही या गावातले सर्वांत शांत माणूस. हे पोरगं रागाच्या भरात सगळ्यांना भडकवतंय. तुम्ही तरी याला समजवा."

आबा काठीवर जोर देऊन उठला. तो चालत शिष्याशेजारी गेला आणि तिथे उभा राहिला.

"मी शांत नव्हतो, शेटजी," तो म्हणाला. "मी गप्प होतो. पावसाळा उलटण्याआधी खड्डा उघडू नका, हे मी तुमच्या ओसरीवर बसून तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावली होती. हे मी परवाच बोलायला हवं होतं. आज बोलतोय, आणि बोलताना मला तुमची चीड येते आहे." या शेवटच्या वाक्याला म्हाताऱ्याचा आवाज चढला. चावडीवरच्या कुणीही तो आवाज आधी ऐकला नव्हता.

पंचांनी मग फार वेळ घेतला नाही. हौदाचा सगळा गिलावा खरवडून काढावा, खर्च व्यापाऱ्याने सोसावा, आणि सोनाईच्या पोटाची सोय जन्मभर त्याने करावी, असे ठरले. राहिला एक प्रश्न. नवा गिलावा कोणी करायचा? पंचप्रमुखाने सभेकडे पाहिले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. चावडीवर शब्द फिरला तरी मनातला संशय लगेच जात नाही, आणि शिष्याला ते कळत होते. तो मान खाली घालून उभा राहिला.

सोनाई उठली. बांधलेला हात तिने पोटाशी धरला होता. ती शिष्यासमोर येऊन थांबली, आणि लोकांना वाटले आताही ती थुंकते की काय.

"हौदाखाली मी राहते," ती म्हणाली. "तेव्हा मी सांगते. गिलावा यानंच करायचा. याच्याच हातचा चुना. हा एकटाच त्यासाठी आडवा पडला होता." मग ती शिष्याला म्हणाली, "पण माझा राग गेला असं समजू नकोस. रोज काठावर येऊन बसणार आहे मी. एकेक हात बघणार आहे तुझा."

"ये, सोनाईअक्का," शिष्य म्हणाला. "राग घेऊनच ये."

ती खरोखर रोज आली. चुना पुढचा पावसाळा उलटेपर्यंत मुरला आणि मग गिलाव्याला लागला. सोनाई काठावर बसून डाव्या हाताने बोट दाखवी, इथे घोट, इथे पुन्हा घोट. आणि शिष्य एक शब्द न बोलता पुन्हा घोटी. पहिल्यांदा पाणी सोडले त्या दिवशी ती पायऱ्या उतरून आत गेली आणि तिने आपला तळहात ओल्या भिंतीवर फिरवला, वरपासून खालपर्यंत. एकही फोड हाताला लागला नाही.

यापुढे कुणी रागावलेला दिसला, तर त्याला शांत हो म्हणण्याआधी निदान एवढे विचारावे की काय झाले, आणि तो सांगून संपेपर्यंत तिथून हलू नये.